मधल्या जागेतले लोखंड

औंढा नागनाथ तालुक्यातील एका लहान खेड्यात, नोव्हेंबर महिन्यातील एका रात्री, आम्हांस एक प्रश्न विचारण्यात आला. आमच्या शहरातील धर्मग्रामात राहणाऱ्या एका कुटुंबाची आजी त्या गावी प्रभूघरी गेली होती आणि महिन्याच्या मिस्साबलीसाठी आम्ही त्या कुटुंबासोबत गेलो होतो. गावात ख्रिस्ती घरे मोजून पाच. मिस्साबली झाला, जेवणे उरकली आणि वीज गेली. अंगणातल्या बाजेवर आजीचे धाकटे दीर बसले होते. ते वर पाहत म्हणाले, "सर, औंढ्याला ते मोठं यंत्र बसवायलेत म्हणं. त्याच्यानं आभाळातलं काय दिसंल?" आम्ही यथामती उत्तर दिले. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि थोड्या वेळाने विचारले, "अन् ह्या चांदणीच्या अन् त्या चांदणीच्या मधी काय आहे? समदं रिकामंच का?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नातून निघाला आहे. परंतु पहिल्याचे उत्तर आधी दिले पाहिजे, कारण वाट तेथूनच जाते.

औंढ्याजवळ उभारावयाच्या त्या प्रयोगशाळेचे नाव लायगो-इंडिया. केंद्र सरकारने २०१६ च्या फेब्रुवारीत तिला तत्त्वतः संमती दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांतून धावणारा लेझर किरण आणि टोकांना टांगलेले आरसे, असा तिचा सांगाडा आहे. दूर अंतराळात दोन अतिजड वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशच किंचित ताणले व आखडले जाते. तो ताण अणूच्या गाभ्यापेक्षाही सूक्ष्म अंतराच्या मापाने येथे मोजावयाचा. अमेरिकेत अशा दोन प्रयोगशाळा आहेत. तिसरी दूरच्या खंडावर असली की कंप आकाशाच्या कोणत्या भागातून आला ते अधिक नेमके कळते. म्हणजे औंढ्याचे यंत्र पाहणार नाही, ते कंपाची चाहूल घेणार आहे, एवढे आम्ही काकांना सांगितले.

एक गोष्ट मात्र त्या रात्री सांगायची राहून गेली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतील आणि इटलीतील यंत्रांनी टिपलेला एक कंप दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा होता. जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळल्या आणि सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत त्या टकरीची धग सापडली. नऊ दिवसांनी, आपल्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखरांचे नाव ज्या क्ष-किरण दुर्बिणीला दिलेले आहे त्या 'चंद्रा'ला तेथून येणारे क्ष-किरणही दिसले. ती दीर्घिका पोक्त आहे, एका लहानशा समूहात राहते आणि तिच्यात नवे तारे जन्माला येणे जवळजवळ थांबलेले आहे. दीर्घिकांमध्ये तारे जन्मणे का थांबते, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना गेली पन्नास वर्षे छळतो आहे, आणि त्याचे निदान एक उत्तर काकांच्या "मधी काय आहे" या प्रश्नात दडलेले आहे.

दवाखान्यात आपल्या हाडांपर्यंत पोहोचणारा क्ष-किरण आकाशातून येताना मात्र पृथ्वीच्या हवेच्या थरात अडकतो. म्हणून जमिनीवर बसून हे आकाश पाहता येत नाही; फुगे, अग्निबाण किंवा उपग्रह यांवर स्वार होऊन वर जावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादेहून प्रचंड फुगे सोडून हा शोध आपल्या देशात आरंभिला. (हिंगोलीच्या माणसाला हैदराबाद परके नाही, १९५६ पर्यंत दोहोंचे राज्य एकच होते.) पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने सोडलेल्या 'ॲस्ट्रोसॅट' या उपग्रहावर याच संस्थेने घडविलेली क्ष-किरण दुर्बीण होती. पण मूळ शोधाचे श्रेय आणखी मागे जाते. १९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातून एक छोटा अमेरिकी उपग्रह सोडण्यात आला. त्या दिवशी केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून त्याला स्वाहिली भाषेत स्वातंत्र्य या अर्थाचे 'उहुरू' हे नाव मिळाले. उहुरूला असे दिसून आले की दीर्घिकांचे जे मोठे समूह आहेत, ज्यांत शेकडो किंवा हजारावर दीर्घिका एकमेकींच्या ओढीने बांधल्या गेल्या आहेत, त्यांतून क्ष-किरणांचा झगझगीत प्रकाश येतो. आणि तो एकेका दीर्घिकेतून न येता त्यांच्यामधल्या अवकाशभर पसरलेला आहे.

मधली जागा रिकामी नव्हती तर. तेथे वायू होता, कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला. तो इतका विरळ आहे की एक घनमीटर जागेत त्याचे हजारभर कण सापडावेत. आपल्या प्रयोगशाळांत निर्माण होणारी उत्तम निर्वात पोकळीसुद्धा त्याहून दाट. तरीही तो लक्षावधी प्रकाशवर्षे पसरलेला असल्यामुळे त्याचे एकूण वजन समूहातील सगळ्या दीर्घिकांच्या सगळ्या ताऱ्यांच्या वजनाच्या कित्येक पट भरते. या दोहोंपलीकडे पाचांतले चार हिस्से अज्ञात अशा कृष्णद्रव्याचे, पण त्याचा विचार आज नको. आपल्या डोळ्यांना जे दिसते, ज्याला आपण समूह म्हणतो, त्या साऱ्या चमकत्या दीर्घिका मिळून समूहाच्या वजनातील काही टक्के केवळ. त्या रात्री ईशान्येस ययाती हा तारकासमूह चांगला वर आला होता. त्याच्या दिशेला सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षांवर असा एक समूह आहे आणि क्ष-किरणांत पाहिले तर तो आकाशातील सर्वांत तेजस्वी समूह ठरतो. अंगणातून आम्हांला अर्थातच काही दिसत नव्हते.

आता या वायूचे काम पाहावे. एखादी दीर्घिका आपल्या गुरुत्वाने, आपल्या नशिबाने म्हणा, मोठ्या समूहाकडे ओढली जाते. तिच्याजवळ तिचा स्वतःचा थंड वायू असतो; त्यातूनच नवे तारे घडायचे असतात. ती सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने त्या तापलेल्या वायूत शिरते. वारा पडलेल्या दिवशीही मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावरचा पदर उडून जातो, तसा या दीर्घिकेचा वायू मागे ओरबाडला जातो. हे असे होत असले पाहिजे, असे गन आणि गॉट या दोघा शास्त्रज्ञांनी १९७२ साली गणिताने मांडले. पुढे दुर्बिणींनी ते प्रत्यक्ष दाखविले. दक्षिण आकाशातील एका समूहात पडणाऱ्या एका दीर्घिकेमागे चंद्रा दुर्बिणीने दोन लक्षांहून अधिक प्रकाशवर्षे लांबीचे क्ष-किरणांचे शेपूट टिपले आहे. दीर्घिका पुढे चालली आहे आणि तिचे भविष्य मागे सांडत आहे.

ही झाली उघड हानी. दुसरी हानी अधिक मुकी आहे. प्रत्येक दीर्घिकेभोवती पातळ वायूचे एक विस्तीर्ण आवरण असते आणि त्यातून थेंबथेंब पुरवठा आत झिरपत राहतो. समूहात आल्यावर हे बाहेरचे आवरण आधी जाते. आतला वायू अजून शाबूत असतो, तारे जन्मत असतात, दीर्घिकेचे बरे चाललेले दिसते. पण विहिरीचे झरे आटलेले असतात. शिल्लक आहे तोवर चालते, मग थांबते. १९८० साली ही कल्पना मांडली गेली; २०१५ साली आपल्या आसपासच्या हजारो दीर्घिकांमधील मूलद्रव्यांचे प्रमाण तपासून काही शास्त्रज्ञांनी दाखविले की, तारे घडविणे थांबलेल्या दीर्घिकांपैकी बहुतेकींचा अंत अशाच उपासमारीने झाला असावा, आणि त्यास सुमारे चार अब्ज वर्षे लागत असावीत. ज्यात कोणी कोणाला हातही लावत नाही असा हा अंत आहे.

येथे आम्हांस थोडे थांबले पाहिजे. विश्वाचा आरंभ एका अतिघन स्थितीतून झाला असे प्रथम मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियममधील कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात नव्या खगोलशास्त्रात निर्मितीच्या श्रद्धेला मिळणाऱ्या दुजोऱ्याचा गौरवाने उल्लेख केला, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्र. विज्ञानाचे सिद्धान्त बदलतात, श्रद्धेला त्यांच्या खुंटीवर टांगू नये, असे त्यांचे मत होते. आम्हीही दीर्घिकांपासून नीतीचा धडा काढू इच्छीत नाही. दीर्घिकेला मन नाही, वायूला हेतू नाही, आणि तारे घडविणे थांबले तर दीर्घिकेला दुःख होते असे मानण्यास आधार नाही. परंतु कधी कधी एखाद्या दूरच्या गोष्टीत आपली गोष्ट अशा स्पष्ट रेषांनी दिसते की मग आपल्या घरात ती न दिसल्याचे सोंग आणता येत नाही.

त्या कुटुंबातील थोरली मुलगी अकरा वर्षांची असताना, पाठोपाठच्या दुष्काळांनंतर, आईवडिलांबरोबर आमच्या शहरात आली. त्याला आता नऊ वर्षे झाली. गावी असताना ती आजीसोबत प्रार्थनेच्या खोलीत गीत धरीत असे. धर्मगुरू महिन्यातून एकदा येत. उरलेल्या रविवारी आजीच भक्ती चालवी आणि तिची गीते जात्यावरच्या ओव्यांच्या चालीची असत. नात आधी एकटी ओळ म्हणे, मग सगळे. शहरात आल्यावर एका शनिवारी तिची आई तिला गायकवृंदाच्या सरावाला घेऊन आली. कोणी तिला नको म्हटले नाही. तिच्या हातात छापील कागद देण्यात आला. ऑर्गनच्या सुरात गीते चालली होती, चाली तिला नव्या होत्या, आणि ती कडेला उभी राहिली. पुढच्या शनिवारीही आली. तिसऱ्या शनिवारी आली नाही.

नऊ वर्षे आम्ही तिला दर रविवारी मागल्या बाकावर पाहत आलो. तिचा गळा आम्ही कधी ऐकला नव्हता आणि तो कसा असेल याचे कुतूहलही आम्हांस वाटले नव्हते. त्या महिन्याच्या मिस्साबलीत गावातल्या म्हाताऱ्या बायांनी आजीचे गीत सुरू केले आणि सगळ्यांच्या माना मुलीकडे वळल्या. पहिल्या ओळीला तिचे ओठ हलले. दुसऱ्या ओळीला तेही नाही. मिस्साबलीनंतर ती आईला म्हणाली, "मला आता ते येत नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

हा अपराध कोणाचा? गायकवृंदाचे प्रमुख सज्जन गृहस्थ आहेत. आजवर त्यांनी कोणालाही परत पाठविलेले नाही. धर्मगुरूंना ती मुलगी गात असे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. आईवडील पहाटेपासून कामावर. आपल्या धर्मशिकवणीप्रमाणे गंभीर पाप घडण्यास विषय गंभीर हवा, पूर्ण जाणीव हवी आणि मनाची संमती हवी. येथे कोणाजवळ जाणीव होती? कोणाची संमती होती? आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक जण आपापले पापनिवेदन प्रामाणिकपणे करील, तरी या गोष्टीचा उच्चार कोणाच्याही तोंडी येणार नाही. एका लेकराचे गाणे हरवले, हे तर खरे. आणि ते हरवणारा हात कोठेही सापडत नाही.

अशा वेळी दोन सोयीची उत्तरे हाताशी असतात. एक असे की हे पाप नव्हे, दुर्दैव आहे. शहरात आले की असे व्हायचेच. दुसरे असे की हा समाजाचा, व्यवस्थेचा दोष आहे. दुसरे उत्तर ऐकायला अधिक जबाबदार वाटते, पण त्याने मन तितकेच मोकळे होते, कारण व्यवस्थेला पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी गुडघे टेकता येत नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली समेट आणि प्रायश्चित्त या विषयावरील आपल्या प्रबोधनपत्रात नेमक्या या पळवाटेवर बोट ठेवले होते. सामाजिक पाप असे काही आहे हे त्यांनी नाकारले नाही. परंतु ते अनेकांच्या वैयक्तिक पापांच्या साचण्यातून तयार होते असे त्यांनी बजावले, आणि त्या अनेकांत जे आळसाने, भयाने, मूकपणे किंवा बेफिकिरीने बाजूला उभे राहिले त्यांचीही गणना केली. १९८७ च्या विश्वपत्रात त्यांनी 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला, तेथेही माणसांपासून तुटलेली संरचना त्यांना मान्य नव्हती.

हे वाचताना आम्हांस त्या तापलेल्या वायूतील लोखंड आठवले.

१९७६ साली 'एरियल ५' या ब्रिटिश उपग्रहाने ययातीतील त्या समूहाच्या क्ष-किरणांत लोखंडाची खूण ओळखली. ही गोष्ट साधी नाही. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन आणि हेलियम यांखेरीज फारसे काही नव्हते. लोखंड ताऱ्यांतच शिजते आणि तारे फुटतात तेव्हा बाहेर फेकले जाते. मधल्या वायूत लोखंड आहे, आणि आपल्या सूर्यातील प्रमाणाच्या एकतृतीयांशाच्या आसपास आहे, याचा अर्थ तो वायू केवळ परका नाही. त्याच्यात त्या दीर्घिकांतल्याच ताऱ्यांनी टाकलेले द्रव्य मिसळले आहे. नव्याने आत येणाऱ्या दीर्घिकेला ओरबाडणाऱ्या त्या वाऱ्यात आधी आलेल्यांची राख आहे. २०१६ साली जपानच्या 'हितोमी' उपग्रहाने, स्वतः निकामी होण्यापूर्वीच्या मोजक्या आठवड्यांत, याच समूहाकडे पाहून तेथील लोखंड, क्रोमियम, मँगेनीज व निकेल यांचे परस्पर प्रमाण मोजले. ते आपल्या सूर्यातल्यासारखेच निघाले. त्याआधी २०१३ साली 'सुझाकू'च्या निरीक्षणांतून असे दिसले होते की हे लोखंड समूहाच्या कडेपर्यंत जवळपास सारखे पसरलेले आहे. ते इतके एकजीव मिसळायचे तर समूह नीट आकाराला येण्यापूर्वीच, दहा अब्ज वर्षांहून आधी, ते बाहेर टाकले गेले असले पाहिजे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

म्हणजे आजची हवा पूर्वजांनी भरलेली आहे, आणि भरताना त्यांच्या मनात कोणाची हानी नव्हती. येथे आम्ही अडतो आणि विश्वपत्राच्या शब्दांपाशी जरा रेंगाळतो. साचलेली पापे, असे तेथे म्हटले आहे. मान्य. परंतु आमच्या धर्मग्रामाची हवा ज्या गोष्टींनी बनली आहे त्या आठवून पाहिल्या, तर त्यांत पापे थोडीच सापडतात. ऑर्गन गरीब-श्रीमंत सर्वांच्या वर्गणीतून आला. त्या वर्षीचा नाताळ अजून लोक आठवतात. गीतांचे कागद एका भगिनीने रात्री जागून तयार केले. सरावाची वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची ठरली, कारण तेव्हा गाणारे बहुतेक लोक बँकांत, कचेऱ्यांत, शाळांत होते आणि त्यांना तीच सोयीची होती. ज्यांची आई शनिवारी सहाला दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असते आणि ज्यांना धाकट्या भावंडांजवळ थांबावे लागते, अशी मुले तेव्हा आमच्या धर्मग्रामात नव्हती. ते वेळापत्रक ठरविणाऱ्या बैठकीत आम्ही होतो. नंतर जुनी वही उघडून पाहिली. खाली आमची सही आहे.

त्या सहीचे पापनिवेदन करावे काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर, नाही. ती सही वाईट नव्हती. आमचा अपराध तेथे सुरू होत नाही. तो तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, जेव्हा ती मुलगी आली नाही आणि आम्ही विचारले नाही. मिस्साबलीच्या आरंभी आपण जी कबुली देतो तीत करायचे राहून गेलेल्याचाही उल्लेख असतो. आम्ही तो शब्द वर्षानुवर्षे उच्चारीत आलो, आणि त्याचा अर्थ गरिबाला भीक न घालणे, आजाऱ्याची भेट न घेणे एवढाच घेत आलो. आपणच एके काळी चांगल्या हेतूने भरलेल्या हवेचे आता काय झाले आहे ते न तपासणे, हाही त्यात येतो, असे आम्हांस आता वाटते. पूर्वजांच्या लोखंडाचा दोष आमच्याकडे येत नाही. परंतु त्यात राहून, त्याचे चटके दुसऱ्याला बसताना पाहूनही हात न हलविणे हे आमचे स्वतःचे आहे; तेथे जाणीवही आहे आणि संमतीही.

हे आम्ही एका मित्राला सांगितले तेव्हा त्यांनी हरकत घेतली. ते म्हणाले, शहरालाच का दोष देता? त्या लेकराचे अर्धे आयुष्य गावानेच खाल्ले होते. हरकत खोटी नाही. गावात तिची शाळा ऊसतोडीच्या हंगामाबरोबर तुटत असे. आईवडील सहा-सहा महिने कोयता घेऊन परजिल्ह्यात जात आणि ती कधी त्यांच्यासोबत, कधी आजीजवळ राही. गावच्या पंगतीत या पाच घरांची जागा कोठे असे, तेही आम्ही जाणतो. गंमत अशी की खगोलशास्त्रात हाच वाद जुना आहे. मोठ्या समूहात दिसणाऱ्या वायुहीन दीर्घिकांपैकी कितीतरी आधीच एखाद्या लहान समूहात होत्या आणि तेथेच त्यांचा बराच वायू गेलेला होता, असे अनेक निरीक्षणांत आढळते. तेव्हा शेवटच्या समूहाच्या माथी किती दोष मारायचा, याचा हिशेब शास्त्रज्ञ अजून करीत आहेत. दीर्घिकांच्या बाबतीत तो हिशेब उपयोगाचा आहे. माणसांच्या बाबतीत आम्हांला तो उलटा करावासा वाटतो. जी अर्धपोटी आली तिला तुम्ही आणखी थोडेच उपाशी ठेवले, असे म्हणून कोणता धर्मग्राम सुटेल? तिच्याजवळ उरलेले एकच धन होते आणि ते घेऊन ती आमच्या दारी आली होती.

हिंगोली जिल्ह्यातच नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सारा महाराष्ट्र ते ओळखतो. औंढ्याच्या नागनाथ मंदिराविषयी एक कथा त्या भागात पोराटोरांना ठाऊक असते. नामदेव तेथे कीर्तन करीत होते. पुजाऱ्यांना ते अडथळ्याचे वाटले आणि त्यांनी नामदेवांना देवळाच्या मागे जाऊन गायला सांगितले. नामदेव मागे गेले, गाऊ लागले आणि देऊळ फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. काकांनी ही कथा आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी एस. टी. च्या थांब्यावर सांगितली; आपण ख्रिस्ती आहोत म्हणून ती आपली नाही असे त्यांना वाटत नव्हते, आणि आम्हांसही वाटले नाही. ती ऐकताना आमचे लक्ष चमत्काराकडे गेले नाही, पुजाऱ्यांकडे गेले. त्यांनी नामदेवांना गाऊ नको म्हटले नव्हते. फक्त जागा दाखविली होती.

गाडीला उशीर होता. काकांनी रात्रीचे बोलणे पुन्हा काढले. "त्या चांदण्यांच्या गावाचा वायू उडून जातो म्हणलात सर. गेलेला परत येतो का?" आम्ही सांगितले की थोडासा परत पडतो असे शास्त्रज्ञांना दिसते, बराचसा मधल्या तापलेल्या वायूत मिसळून जातो. आणि हेही सांगितले की ज्या दीर्घिकेच्या मागे ते लांब शेपूट आहे, त्या शेपटात, दीर्घिकेच्या बाहेर, उघड्यावर, काही नवे तारे जन्मलेले आढळले आहेत. त्यांनी मान हलविली. समाधान झाले की नाही ते कळले नाही.

परत आल्यावर आम्ही धर्मग्राम परिषदेत सरावाच्या वेळेचा विषय मांडला. चर्चा लांबली. ऑर्गन वाजविणाऱ्या तरुणाला रविवारी दुसरीकडे शिकवणी आहे. दोन ज्येष्ठ गायकांना उन्हात परत जाणे जमत नाही. ही कारणेही खरी आहेत, आणि ती ऐकताना आम्हांस आमच्या जुन्या सहीची आठवण होत होती. अखेर महिन्यातले दोन सराव रविवारच्या मिस्साबलीनंतर घ्यावेत असे ठरले. मुलगी पहिल्या रविवारी आली नाही. दुसऱ्या रविवारी थांबली, पण भावाला घेऊन दाराशी उभी होती. आम्ही तिला आत ये म्हणालो नाही, तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.

आजीचे गीत एकदा मिस्साबलीत घ्यावे अशी प्रमुखांचीच सूचना आहे. पहिली ओळ आम्हांस त्या दिवशी ऐकल्यामुळे आठवते. पुढच्या ओळी लिहून पाठवाव्यात म्हणून काकांना फोन केला. ते म्हणाले, "मला कुठं लिहिता येतंय सर. वहिनीच्या बहिणीला समदं पाठ आहे, पण ती बी लिहीत नाही. हळद काढायच्या वेळंला या. पोरीला बी घिऊन या."